सह्या झाल्या, गट झाला नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रब्बीचे आवर्तन सुटले की आपल्या खान्देशात एक बातमी दरवर्षी ठरलेली असते. वरच्यांनी पाणी अडवले, पुच्छाकडचा, म्हणजे पाटाच्या शेवटच्या टोकाचा, गहू वाळला, शेतकऱ्यांनी मिळून पाणी वाटायची पाणी वापर संस्था नावालाच. त्यावर पारावरचे मतही ठरलेले असते: ‘आपल्याकडे एकीच नाही हो.’ हे निदान आम्हाला पटत नाही. आज जिथे ही ओरड आहे, त्याच पांझरा नदीच्या काठी साक्री तालुक्यातल्या गावांनी फड पद्धतीने तीनशेहून अधिक वर्षे पाणी वाटून घेतले. गावे तीच, बरीचशी घराणीही तीच. बदलली आहे ती गटाची बांधणी, आणि बांधणी बदलली की त्याच माणसाची वागणूकही बदलते.

फडाची रचना नीट पाहण्यासारखी आहे. नदीवर दगडी बंधारा, त्यातून पाट, जादा पाण्याला सांडवा, पाटाला शेतापर्यंत पाणी नेणाऱ्या छोट्या चाऱ्या. खालच्या जमिनीचे साधारण तीन-चार मोठे तुकडे, म्हणजे फड. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, असे पीक दरसाल फिरते. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसते, तिचे पट्टे निरनिराळ्या फडांत असतात. तुकडेबंदीच्या किंवा एकत्रीकरणाच्या नजरेने हे तुकडे म्हणजे गैरसोय, पण पाण्याच्या दृष्टीने सगळी कळ तिथेच आहे. पाणी कमी पडले की पंच एखादा फड पडीक ठेवायचे ठरवीत. त्या फडात प्रत्येकाचा पट्टा असल्याने तोटा सगळ्यांना वाटून जाई, आणि ‘माले काय करनं शे?’ (मला काय करायचे आहे?) म्हणायला कोणी मोकळा राहत नसे.

पाणी देणारा माणूस शेतमालक नसे, बारेकरी असे. रात्री दोनच्या सुमारास तो चारीवर उभा राहतो, फावड्याने वाफ्याचे तोंड फोडतो, वाफा भरला की मातीचे ढेकूळ टाकून तोंड बुजवतो आणि पुढच्या वाफ्याकडे सरकतो. वरून खाली, ओळीने. शेत कोणाचे हे विचारायची त्याला गरजच पडत नाही, कारण पीक एकच आहे, तेव्हा पाण्याची गरजही सारखीच. कोणी चोरून पाणी घेतले तर त्याचा पट्टा चार दिवसांत शेजारच्यापेक्षा हिरवा दिसतो आणि बांधावरून जाणाऱ्याच्या ते लक्षात येते. पाट राखायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, सर्वांवर हवालदार, आणि त्यांचा मेहनताना पिकातून. चोरी उघडी पडावी ही सोय रचनेतच होती. माणसे संत असण्याची अट नव्हती.

आता 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याखालची पाणी वापर संस्था घ्या. कायद्यात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना प्रतिनिधित्व आहे, ही चांगली गोष्ट. पण प्रत्यक्षात अनेक ठिकाणी घरोघर फिरून सह्या गोळा होतात आणि शेकडो खातेदारांची यादी तयार होते. त्यातले निम्मे एकमेकांना तोंडओळखीनेही जाणत नाहीत. शेतकरी उत्पादक कंपन्यांतही तेच. केंद्राच्या योजनेत सपाट भागासाठी किमान 300 सभासदांची अट आहे, म्हणून आधी आकडा भरतात आणि मग गट शोधतात. यादी म्हणजे गट नव्हे. पुन्हापुन्हा भेटणारी, एकमेकांचे वागणे डोळ्यांनी पाहणारी आणि उद्याही एकमेकांची गरज पडणारी माणसे असतील तरच गटाचा धाक आणि गटाची लाज काम करते. म्हणून संस्था नोंदवण्याआधी एकेका चारीवरचे 15 ते 25 खातेदार बसवावेत, त्यांनी एक हंगाम आपल्या बाऱ्या, म्हणजे पाण्याच्या पाळ्या, लावून पाहाव्यात आणि मगच चाऱ्यांची मिळून संस्था करावी. वेळ लागतो. पण उलट्या क्रमाने केलेले काम दुसऱ्या आवर्तनाला मोडते.

पाट साफ करण्याचे उदाहरण घ्या. ‘रविवारी सगळ्यांनी या’ अशी दवंडी दिली की वीस येतात, त्यांतले आठ फावडे टेकवून गप्पा मारतात. यात आळसापेक्षा मोजमाप नसण्याचा भाग मोठा आहे. रिंगेलमान या फ्रेंच अभियंत्याने शंभर वर्षांपूर्वीच दोर ओढायला लावून दाखवले होते की आठ जण मिळून ओढतात तेव्हा त्यांचा जोर आठ सुट्या माणसांच्या बेरजेच्या जेमतेम निम्मा भरतो. उपाय सोपा आहे. पाट 600 मीटर आणि घरे 24 असतील, तर चुन्याने 25-25 मीटरच्या खुणा कराव्यात. जमीन कमी-जास्त असेल तर एकरावर वाटा काढावा. खुणेवर नाव पडले की फावडे चालते.

बैठकीत सर्वांत मोठी चूक होते ती बोलण्याच्या क्रमात. मारुतीच्या पारावर आधी सरपंच किंवा संचालक बोलतात, मग ‘हात वर करा’, आणि सगळे हात वर. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी 1951 मध्ये अमेरिकेत केलेला प्रयोग इथे लागू पडतो. रेषांची लांबी ओळखायची, उत्तर डोळ्यांना स्पष्ट दिसणारे. आधी बोलणारे पढवलेले लोक एकमुखाने चुकीचे सांगत. 18 पैकी 12 फेऱ्यांत हा दबाव होता. त्या फेऱ्यांतली सुमारे एक तृतीयांश उत्तरे गटामागे गेली आणि चारपैकी तीन जण निदान एकदा तरी वाकले. मात्र खरे बोलणारा एक जरी जोडीदार मिळाला तर हे प्रमाण कोसळे, आणि उत्तर गुपचूप लिहून द्यायचे असले तरीही कमी होई. म्हणून पाण्याच्या प्रश्नावर आधी कोऱ्या चिठ्ठ्या वाटाव्यात, पुच्छाकडच्या शेतकऱ्याला पहिले बोलू द्यावे आणि वजनदार माणसाने शेवटी बोलावे.

मत चिठ्ठीवर घ्यावे, पण शब्द मात्र चारचौघांत घ्यावा. या दोन गोष्टींची गल्लत नेहमी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी गृहिणींना काळीज-गुर्दा असे नावडते मांस खाण्यात आणायला सुचवले. नुसते व्याख्यान ऐकलेल्यांपैकी 3 टक्क्यांनी ते केले. लहान गटात बोलून सर्वांसमोर हात वर केलेल्यांपैकी 32 टक्क्यांनी. ठिबकच्या प्रचारासाठी मंडप, ध्वनिक्षेपक आणि तीनशे खुर्च्या मांडणाऱ्यांनी हे दोन आकडे भिंतीवर लिहून ठेवावेत.

दंडाचेही एक गणित आहे. सामाईक संसाधनांच्या अभ्यासासाठी 2009 चे नोबेल मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना टिकलेल्या गटांत चढत्या पायरीचा दंड आढळला. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्यांदा थोडी रक्कम, मग बारी मागे. पहिल्या झटक्यात मोठा दंड ठोठावला की माणूस एकटा फुटत नाही, सगळी भाऊबंदकी घेऊन फुटतो.

फड मोडायला वरची धरणे, ऊस आणि विहिरींवरच्या मोटारी अशी कारणे झाली. त्यांत गटाच्या दृष्टीने विहीर सर्वांत वाईट. ज्याला स्वतःचे पाणी लागले त्याला पाटाची गरज उरत नाही, आणि आधी विहीर खोदणारा बहुधा गावात वजन असलेलाच असतो. तो बैठकीला यायचा थांबला की बाकीचेही गळतात. पाटाखालच्या विहिरींना पाझर पाटाचाच असतो, तेव्हा विहिरीही संस्थेच्या हिशेबात धराव्यात.

फडाचे कौतुक करताना त्याची खोटही सांगायला हवी. पंच जमीनवालेच. बारेकरी आणि जागल्या रात्रभर राबत, पण निर्णयाला त्यांना कोण विचारी? गटाची जी लाज पाणीचोराला रोखते, तीच जातपंचायतीच्या हातात गेली की घरे वाळीत टाकते. त्यासाठी राज्याला 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला, त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हा पाण्याच्या दंडाची पायरी बारीपुरतीच असावी, घराच्या उंबऱ्यापर्यंत जाऊ नये, हे नियमावलीत लिहूनच ठेवावे. आणि चारीच्या बैठकीला सातबाऱ्यावर नाव नसले तरी रात्री दारे धरून पिकाला पाणी देणाऱ्या बाईलाही बोलवावे. बारी चुकली तर पहिल्यांदा तिलाच कळते.

आपले,
पाणी वापर गटांच्या प्रशिक्षणाचे काम करणारे कार्यकर्ते,
साक्री, जि. धुळे