मैत्री क्लिनिकच्या समुपदेशक ताईंना आभाराचे पत्र

आदरणीय ताई,
स.न.वि.वि.

आमच्या शाळेतील मुले-मुली ग्रामीण रुग्णालयातल्या मैत्री क्लिनिकमध्ये, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या आरोग्य व समुपदेशन केंद्रात, आता आपणहून येऊ लागली आहेत, याबद्दल एक शिक्षिका म्हणून आपले जाहीर आभार मानते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम 2014 साली सुरू झाला आणि त्याअंतर्गत 10 ते 19 वयोगटासाठी अशी केंद्रे चालवली जातात. परंतु तिथवर पोहोचण्याआधी केसपेपरची खिडकी आडवी येते, हे आपण ओळखलेत. मागे गावातली ओळखीची माणसे रांगेत उभी असताना ‘काय होतंय?’ या प्रश्नाला, अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेली नववीतली मुलगी काय उत्तर देणार? आपण अधीक्षकांकडे पाठपुरावा करून या मुलांचे केसपेपर आपल्याच खोलीत निघतील अशी व्यवस्था केलीत आणि क्लिनिकची वेळ शाळा सुटल्यानंतरची करून घेतलीत. यासाठी वेगळा निधी लागला नाही, हे मुद्दाम नमूद करते.

शाळेत दर आठवड्याला दिल्या जाणाऱ्या लोहाच्या निळ्या गोळीबाबतही आपण मुलींची अडचण अशीच ओळखलीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 15 ते 19 वयाच्या सुमारे 59 टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला, तरी आमच्याकडे आठवड्याची गोळी बऱ्याचदा दप्तरातच राहायची. आपण कोणावर रागावला नाहीत. उपाशीपोटी घेतल्यास मळमळते, शौचास काळे झाले तरी घाबरू नये, गोळीवर लगेच चहा पिऊ नये, एवढे सांगून डबा खाऊन झाल्यावर मुलींबरोबर स्वतःही गोळी घेतलीत. (मुलगेही पुटकुळ्यांपासून तंबाखूपर्यंतचे प्रश्न घेऊन आपल्याकडे येतील, असे मात्र मला वाटले नव्हते.)

पोलिसांत नाव जाईल या धास्तीने अल्पवयीन गर्भवती मुलीला भोंदूकडे नेणाऱ्या पालकांची अडचण आपण पालकसभेत उघडपणे मांडलीत. बालकांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार अशी घटना पोलिसांना कळवणे डॉक्टरांना बंधनकारकच आहे. मात्र गर्भपातासाठी आलेल्या मुलीने व पालकांनी विनंती केल्यास त्या माहितीत तिची ओळख देण्याची गरज नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा 2022 चा निर्णय आम्हा शिक्षकांनाही तिथेच समजला.

आपली नेमणूक कंत्राटी आहे, केव्हाही बदली होऊ शकते किंवा सेवेत खंड पडू शकतो. म्हणून केसपेपर आणि वेळ यांविषयीची ही पद्धत लेखी आदेशाने जिल्ह्यातील सर्व मैत्री क्लिनिकना लागू करावी, असे निवेदन आमच्या शाळा व्यवस्थापनाने जिल्हा शल्यचिकित्सकांकडे दिले असून त्याची प्रत सोबत जोडली आहे.

आपली कृतज्ञ,
एक वर्गशिक्षिका