सांख्यिकी दिनाला श्रीखंडे सरांचीही आठवण असावी

महोदय,

२९ जूनला सांख्यिकी दिन. संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांचा तो जन्मदिवस, म्हणून दरवर्षी त्यांच्यावर मजकूर येतो, तो यावाच. यंदा त्याच्या शेजारी गणितज्ञ शरदचंद्र शंकर श्रीखंडे यांच्याबद्दलही छापा, ही विनंती. ते नागपूरच्या सायन्स कॉलेजात शिकले आणि पुढे तिथंच शिकवलंही.

मी तालुक्याच्या कॉलेजात २६ वर्षं संख्याशास्त्र शिकवलं. लॅटिन चौरस आला की फळ्यावर आमचं शेत काढायचो. वर बरड, खाली भारी काळी. धुऱ्याजवळची पऱ्हाटी गुडघ्याला, खोलगटातली कमरेला. कपाशीचे चार वाण चार पट्ट्यांत लावले तर गुण वाणाचा की मातीचा, कसं कळणार? म्हणून प्रत्येक वाण प्रत्येक आडव्या ओळीत एकदा आणि उभ्या ओळीत एकदा, हाच लॅटिन चौरस. मुलं शेतकऱ्यांचीच, लगेच पटायचं.

आता त्याच चौरसावर खतांचा दुसरा चौरस ठेवायचा, असा की वाण आणि खताची प्रत्येक जोडी नेमकी एकदाच यावी. ६, १०, १४, १८ अशा आकारांत हे जमणारच नाही, असं थोर गणितज्ञ ऑयलरनं १७८२ मध्ये मांडलं होतं. ६ बाबत तो बरोबर होता. पुढचे सगळे आकार जमतात, हे १९५९ मध्ये बोस, श्रीखंडे आणि पार्कर यांनी दाखवलं. १७७ वर्षांनी! न्यूयॉर्क टाइम्सनं ती बातमी पहिल्या पानावर छापली होती.

पण मला त्यांचं त्यानंतरचं काम जास्त मोठं वाटतं. एवढं नाव झाल्यावर अमेरिकेत राहता आलं असतं. ते परत आले. बनारसला शिकवलं, मग १९६३ पासून मुंबई विद्यापीठाचा गणित विभाग त्यांनी अगदी पायापासून उभारला आणि १९७८ मध्ये निवृत्त होईपर्यंत सांभाळला. विभाग उभारणं म्हणजे माणसं शोधणं, अभ्यासक्रम बसवणं, कागदांचा पाठपुरावा करणं. त्या कामाची बातमी होत नाही, पण पोरं शिकतात ती त्यामुळेच. २०२० मध्ये सर वयाच्या १०२ व्या वर्षी गेले.

आमच्याकडे उलटं झालं. मी निवृत्त झालो, जागा भरली नाही. चार वर्षं घड्याळी तासिकेवर एका होतकरू मुलानं वर्ग चालवला, मानधनही वेळेवर नाही. तो गेला आणि विषय बंद झाला. आज आमच्या भागातल्या मुलीला संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं तर अमरावती किंवा नागपुरात खोली करावी लागते, आणि तेवढ्यासाठी बाप खोलीचा खर्च करत नाही. तिचं गणित कितीही चांगलं असो.

विद्यापीठानं ग्रामीण कॉलेजांतल्या संख्याशास्त्राच्या रिकाम्या जागांची यादी तरी २९ जूनला जाहीर करावी. आमच्या विभागाचं कपाट अजून तिथंच आहे, यादृच्छिक अंकांच्या कोष्टकांसकट. नवा माणूस नेमला तर त्याला ते उघडून दाखवायला मी स्वतः येईन.

एक निवृत्त प्राध्यापक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ