19 गावांचा कागद

आदरणीय मॅडम,

सा. न. वि. वि.

जातीचा दाखला मिळाला त्या दिवशी मी आपल्या टेबलासमोर नुसतीच उभी राहिले आणि एक शब्दही न बोलता परत फिरले. तो उद्धटपणा नव्हता. तोंड उघडले असते तर रडू आवरले नसते, आणि त्या कचेरीत आम्ही याआधी पुष्कळ रडलो होतो. नर्सिंगच्या प्रवेशाची मुदत या वेळी चुकली नाही. तेव्हा जे बोलता आले नाही ते आज लिहीत आहे. आपले नाव मात्र लिहीत नाही, कारण माझ्या पत्रामुळे आपण कोणाच्या डोळ्यांवर याव्यात अशी माझी इच्छा नाही.

आपल्याआधी चार वर्षे आम्ही ज्या खिडक्यांपुढे उभे राहिलो, तेथे आईला एकच वाक्य ऐकवले जात होते: ‘एक गाव सांगा.’ अर्जात गावासाठी एकच रकाना असतो आणि आम्हा फासेपारध्यांना तर 6 सप्टेंबर 1950 च्या आधी आपला पूर्वज महाराष्ट्रात कोठे राहत होता, हे दाखवावे लागते. त्या काळी आमच्या माणसांना गावाने शिवारात चार दिवसांवर टिकू दिले नाही आणि पोलिसांनी हजेरी घेतल्यावाचून हलू दिले नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मापासूनच गुन्हेगार ठरवलेल्या माणसाकडे घरपट्टीची पावती कोठून असणार? हे समजावून सांगायला गेलो की समोरचा माणूस घड्याळाकडे पाहत असे. एका साहेबांनी तर आई टेबलाजवळ येताच तेथे ठेवलेला आपला मोबाइल आणि मोटारसायकलची किल्ली उचलून खिशात घातली. ते काही बोलले नाहीत, पण आई त्यानंतर कोणत्याही कचेरीत टेबलाजवळ गेली नाही. दाराशी जमिनीवर बसून राहू लागली.

आपल्या कचेरीत पहिल्यांदा आलो त्या दिवशीही ती तशीच दाराशी बसली होती. आपण तिला आत बोलावून शेजारच्या खुर्चीवर बसवलेत आणि विचारलेत, “आई, तुमचे लोक कोठे कोठे राहिले?”

या प्रश्नाने ती किती घाबरली हे आपल्या लक्षात आले होते की नाही, मला ठाऊक नाही. आमच्या वस्तीवर हा प्रश्न पोलीस विचारतात. काल रात्री कोठे होतात, त्याआधी कोठे होतात, आणि जे गाव तोंडातून निघेल त्या गावची जुनी चोरी अंगाला चिकटण्याची भीती असते. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला, आम्ही विमुक्त झालो, तरी 1959 च्या सराईत गुन्हेगारांच्या कायद्याच्या आडून संशय तसाच पुढे चालत राहिला. म्हणून गावे विसरणे हे आमच्याकडे शहाणपण समजले जाते. आई आधी “आठवत नाही” असेच म्हणाली. आपण रागावला नाहीत. अर्जाचा छापील कागद बाजूला सारून एक कोरा कागद घेतलात, आपली पेन्सिल त्यावर टेकवलीत आणि थांबलात. मग तिने एक गाव सांगितले. आपण ते लिहून म्हणालात, “मग पुढे?”

हे दोन शब्द आपण त्या दुपारी 19 वेळा उच्चारले असतील. काही गावांची नावे तिला येत नव्हती, नुसत्या खुणा येत होत्या: विहिरीवर चिंच वाकलेले गाव, तित्तरांसाठी फास लावायला ओढा चांगला होता ते गाव, 1972 च्या दुष्काळात आजी खडी फोडत असताना जिथे आईचा जन्म झाला ते काम. आपण शिपाईकाकांना हाक मारून त्या खुणांवरून नावे काढलीत. त्यातल्याच एका गावाच्या जुन्या नोंदवहीत पुढे माझ्या पणजोबांचे नाव जातीसकट सापडले, ही गोष्ट खरीच. परंतु ते सापडले नसते तरीही हे पत्र मी लिहिले असते.

मॅडम, आम्ही तुमच्या समाजाला तोंडपाठ ओळखतो. कोणत्या घरची बाई शिळी भाकरी देते आणि कोणत्या घरचा कुत्रा सोडला जातो, कोणता हवालदार रात्रपाळीला आहे, कोणत्या शब्दाने साहेबांचा राग वाढतो, हे आमच्या पोरांना चालायला लागण्याच्या सुमारास कळते, कारण ते कळल्यावाचून जगताच येत नाही. तुमच्या बाजूने आम्हाला ओळखण्याची कोणावर सक्ती नाही; ‘पारधी’ या एका शब्दात सगळे समजले असे मानले तरी कोणाचे काही अडत नाही. ज्याच्या हाती सही आहे त्याला समजून घेतल्यावाचून चालते, आणि मला वाटते, त्याची खरी ताकद सहीपेक्षा यातच असते. आपले काहीही अडलेले नसताना आपण विचारलेत.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात हजेरीची पद्धत बंद केली आणि ज्यांच्यापासून राखण करायची असे लोक म्हणत, त्या फासेपारध्यांनाच पहाऱ्याच्या कामावर घेतले, हे मी आश्रमशाळेत असताना वाचले होते. तेव्हा वाटले होते की असे करायला राजाच असावे लागते.

तो कोरा कागद आपण काम झाल्यावर आईला परत दिलात. तिला वाचता येत नाही. रेशनकार्डाच्या पिशवीत तिने तो ठेवला आहे आणि रात्री मला वाचायला लावते. एखादे गाव आले की मला थांबवते आणि तेथे काय घडले ते सांगते. इतकी वर्षे यातले काहीच मला माहीत नव्हते.

परवा तिला आणखी एक गाव आठवले, भीमेच्या काठचे, जिथे तिचा धाकटा भाऊ तापाने गेला. यादीत ते नाही. ती मला म्हणाली, लिही. कागदावर आपले अक्षर आहे म्हणून माझा हात झाला नाही. पुढच्या सोमवारी आम्ही दोघी येत आहोत. ते गाव आपणच लिहावे, ही विनंती.

आपली नम्र,
आपण जिच्या आईला ‘मग पुढे?’ विचारलेत ती मुलगी