गोठा पाडू नकोस, आधी इकडं येऊन बघ

प्रिय दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज ऐकला. बेळगावजवळच्या खानापूरच्या शेतातला जुना गोठा पाडून तिथं स्लॅबचं फार्महाऊस बांधायचं म्हणायलास, जेसीबीवाल्याशी बोलणं पण झालंय म्हणे. ऐकून जीव कसातरीच झाला बघ, आणि फोनवर एवढं सगळं बोलून होत नाही म्हणून लिहायलोय.

आमच्या अथणीकडच्या गोठ्याचं राहायचं घर केलंय, ते तू अजून बघितलंच नाहीस. द्राक्षाची बाग लावली, ट्रॅक्टर आला, बैलं गेली, मग तिथं नुसत्या ड्रिपच्या नळ्या, औषधाचे रिकामे ड्रम अन् थोडा कडबा. पण दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर कडुलिंबाच्या तुळया, किलच्या म्हणजे तुळयांवरच्या बारीक फळ्या, आणि पांढऱ्या मातीचं सपाट छप्पर, म्हणजे माळवद. एका इंजिनिअरनं बघून पाडा म्हणून सांगितलं. आप्पा काही बोलले नाहीत, पण मला पटेना, कारण मे महिन्यात बाहेर 40 अंश असताना त्या गोठ्यात किती गार असतं हे आपल्याला पोरवयापासून माहीत आहे.

आता खरं काम कशाचं, तर भिंतीतल्या खाराचं. तू हे नीट वाच कारण तुझ्याकडंही हेच निघणार. गोठ्याच्या जमिनीत न् भिंतीत वर्षानुवर्षं जनावरांचं मूत मुरलेलं असतं, त्याचा नायट्रेटचा खार होतो, तो हवेतली ओल ओढतो आणि भिंतीला लोणा लागतो, पांढरी पावडर येऊन गिलावा सुटतो. त्यावर सिमेंट मारलं की ओल आत कोंडते, वर वर चढते आणि एकदोन पावसाळ्यांत पोपडे पडायला चालू. आमचे गवंडी मामा कन्नड, वयस्कर माणूस, मी घाई केली की एकच म्हणायचे, "अवसर माडब्याडरी", म्हणजे घाई करू नका. त्यांनी आधी आतली काळी पडलेली माती हातभर खोल उपसून बाहेर टाकली, कमरेएवढ्या उंचीपर्यंत दगडाचे सांधे कोरले, मग भिंतीला ओल्या मातीचा जाड लेप दिला, तो वाळला की खार ओढून घेतो, खरवडून टाकायचा आणि परत नवा लेप. खार कमी झाल्यावरच चुन्याचा गिलावा, त्यात गुळाचं अन् हिरड्याचं पाणी. चुना ओल बाहेर सोडतो, म्हणून भिंत वाळत राहते.

गव्हाण मी हलवू दिली नाही. तिच्या दगडी कडेवर दावं घासून घासून बोट बसेल एवढी खाच पडलीय, गुळगुळीत, हात फिरवला की कळतं. आता तिथं गादी टाकलीय, आई दुपारी तिथंच बसून शेंगा फोडते. खाली शहाबादी फरशी. माळवदाला मात्र दरवर्षी मृगाच्या आधी माती द्यावी लागते, ते काम चुकवून चालत नाही.

बागेला लागून राहायचं म्हणजे बागेच्या वेळेनं राहायचं. आमची बाग तास-ए-गणेशची, म्हणजे थॉमसनचीच जात, तासगाव तालुक्यातल्या बोरगावात निवडलेली. एप्रिलमधे खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, छाटणी झाली की काडीवरचे डोळे एकसारखे फुटावेत म्हणून डोरमेक्स नावाचं औषध लावतात, ते विषारी, त्या दिवसांत पोरांना बागेत पाऊल टाकू देत नाही. छाटणीनंतर पाऊस आला की डाऊनी ह्या बुरशीच्या रोगाची धास्ती, पहाटे पहाटे फवारणीचा ब्लोअर चालू. म्हणून बागेकडच्या भिंतीला मोठी खिडकी ठेवलीच नाही, वर छोटे झरोके, घट्ट बंद होणारे, आणि मोठ्या खिडक्या दुसऱ्या बाजूला. पाहुणे म्हणतात बागेचा व्ह्यू घालवलास, पण रोज राहणाऱ्याला फवारा घरात येऊ न देणं जास्त महत्त्वाचं. व्ह्यू बघायचा तर अंगणात बसावं की.

तुझं थोडं वेगळं आहे. आमच्याकडं वर्षाला 500-600 मिलिमीटर पाऊस, म्हणून माळवद टिकतं, तुमच्याकडं घाटाचा पाऊस, तिथं उतरतं कौलारू छप्परच पाहिजे, आणि तुझ्या गोठ्यावर ते आहेच. फुटकी कौलं बदल, वासे-आढं स्क्रूड्रायव्हर टोचून बघ, भसकन आत गेला तर तेवढंच लाकूड वाळवीनं खाल्लेलं समज, सगळं काढायची गरज नाही. पागोळीचं पाणी भिंतीच्या पायापासून लांब जाईल अशी गटार आधी काढ. जांभ्याच्या भिंतीला आतून सिमेंट लावू नकोस एवढं तरी माझं ऐक. तुझ्या आज्ज्यानं स्वतः दगड वाहून बांधलेला गोठा आहे रे तो, एका सकाळीत मशीननं जाईल, परत तसा कोण बांधून देणारे?

फेब्रुवारीत वहिनींना आणि पोरांना घेऊन ये. माल काढणी चालू असेल, शेडला जाळीवर बेदाणा पसरलेला असेल, दोन रात्री ह्याच घरात झोप. गवंडी मामांशी बोलून ठेवलंय, खानापूरला येऊन एकदा भिंती बघायला तयार आहेत, जाण्यायेण्याचं तेवढं तू बघ. आणि जेसीबीवाल्याला आजच फोन करून थांब म्हणून सांग.

तुझाच,
अथणीकर

ता.क. येताना गोठ्याच्या आतल्या चारी भिंतींचे फोटो काढून आण, खालचा भाग जवळून घे.