मांगरातल्या मतदारांनाही विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेपाळात घटनादुरुस्ती व्हावी आणि भारतासह इतर लोकशाही देशांनी तिला हातभार लावावा, असं सध्या पुष्कळ जण लिहितायत, तुमच्या पानावरही ते आलं. हातभाराला माझी ना नाही. पण तो कुणाला लावायचा आणि कधी, याबद्दल पावसच्या कातळावरून चार शब्द लिहितो. मी २८ वर्षं हायस्कूलमध्ये नागरिकशास्त्र शिकवलं, म्हणजे इतिहासाच्या शेपटाला बांधलेला विषय. आता वडिलांनी लावलेली हापूसची कलमं सांभाळतो. सांभाळतो असं आपलं म्हणायचं; सांभाळतात चार नेपाळी गडी.

रत्नागिरीकरांना हे नवीन नाही. बागेत राखणीला नेपाळी, मिरकरवाड्याच्या बोटींवर खलाशी नेपाळी. आपण त्या सगळ्यांना सरसकट ‘बहादूर’ म्हणतो. मीही कित्येक वर्षं म्हणायचो, खरं नाव न विचारता. माझ्याकडचे चौघे सुदूर पश्चिमेचे: दोघे कैलाली जिल्ह्यातले थारू, म्हणजे तराईच्या सपाटीवरचे आदिवासी, दोघे अछामचे पहाडी. थोरला वीस वर्षं येतोय. फोनवर त्याचं मराठी ऐकून कुणी त्याला परका म्हणणार नाही.

२०१५ च्या ऑगस्टची अखेर. बागेत बेणणी, म्हणजे रान साफ करणं, चाललं होतं. दुपारी बघतो तर थोरला गडग्यावर, दगडी कुंपणावर बसलाय, कोयता मांडीवर, फोन कानाला, आणि बोलत काहीच नाहीये. त्याच्या जिल्ह्यातल्या टीकापूरला आंदोलन पेटलं होतं. पोलीस मारले गेले, एक लहानगं मूल गेलं, संचारबंदी लागली. नव्या घटनेत प्रांतांच्या सीमा कशा आखायच्या यावरून ते सगळं. थारूंना आपला वेगळा प्रांत हवा होता, पहाड्यांना अखंड सुदूर पश्चिम. त्या संध्याकाळी माझ्या मांगरात, म्हणजे बागेतल्या गड्यांच्या घरात, दोन चुली पेटल्या. एरवी चौघांचा भात एका टोपात शिजायचा. महिनाभर दोन टोप होते. घटना म्हणजे काय हे मी इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आलो, पण तिची धग इतक्या जवळून कधी लागली नव्हती.

२० सप्टेंबरला घटना जाहीर झाली. मी आपला हौसेनं सांगायला गेलो, की ६०१ जागांच्या सभेत ५०७ मतं बाजूनं पडली, विरोधात फक्त २५. थोरल्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “सर, आमच्याकडे कोण आलं होतं विचारायला?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. नंतर वाचलं, की मसुद्यावर लोकांचं म्हणणं ऐकायला मुख्य दिवस ठेवले होते दोन, २० आणि २१ जुलै. त्या दोन दिवसांत हा भर पावसात माझ्या कलमांना आळी करत होता.

आपल्या घटनेचा मसुदा फेब्रुवारी १९४८ मध्ये छापून लोकांपुढे ठेवला गेला आणि चर्चेला सात-आठ महिने मिळाले. सभेत ७,६३५ दुरुस्त्या आल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, म्हणून हे आकडे मी पोरांकडून घोकून घेत असे. नेपाळवर अन्याय नको म्हणून हेही सांगतो, की तिथल्या पहिल्या संविधान सभेनं जिल्ह्याजिल्ह्यांत प्रश्नावल्या नेल्या होत्या. पण ती सभा २०१२ मध्ये घटना न करताच विसर्जित झाली, आणि दुसरीनं २०१५ च्या भूकंपानंतर सगळं घाईनं उरकलं.

बाहेरची मदत वाईटच असते असं मुळीच नाही. माओवाद्यांचं युद्ध थांबल्यावर संयुक्त राष्ट्रांचं पथक २००७ पासून जानेवारी २०११ पर्यंत तिथं होतं. त्यांनी १९,६०२ माओवादी लढवय्यांची पडताळणी केली, कंटेनरांत बंद केलेल्या हत्यारांवर नजर ठेवली. ते काम तिऱ्हाइतानंच करायचं, कारण सरकार आणि माओवादी या दोन्ही बाजूंचा एकमेकांवर विश्वास नव्हता. घटनेत काय लिहायचं, हे मात्र तिऱ्हाइतानं सांगायचं काम नव्हे. आणि सांगायचंच असेल तर वेळेवर सांगावं. आपले तेव्हाचे परराष्ट्र सचिव एस. जयशंकर काठमांडूला पोचले १८ सप्टेंबरला. मतदान होऊन गेलं होतं, समारंभ दोन दिवसांवर. मधेशी (भारताला लागून असलेल्या तराईतले लोक) आणि थारूंना सामावून घ्या हे आपलं म्हणणं रास्त होतं. जानेवारी २०१६ मध्ये नेपाळनं पहिली दुरुस्ती केली ती त्याच दिशेनं. पण वरात दारात आल्यावर पत्रिका जुळत नाही म्हणणाऱ्या मामाचं कोण ऐकतो?

त्यानंतर सीमेवर ट्रक अडकले. आपलं सरकार म्हणालं नाकेबंदी आम्ही केलेली नाही, मधेशी आंदोलकांमुळे वाहतूक थांबली आहे. नेपाळ्यांना ते पटलं नाही. थोरला दसैंला, म्हणजे त्यांच्या दसऱ्याला, घरी गेला होता. परत आल्यावर एवढंच बोलला, “गॅस नव्हता. आई म्हणाली, तू ज्यांच्याकडे काम करतोस त्यांना सांग.” मला सांगून काय उपयोग, असं त्याला मी म्हटलं नाही.

परक्याचा सल्ला आपणही घेतला होता. १९४७ मध्ये आपल्या संविधान सभेचे सल्लागार सर बेनेगल राव अमेरिका, कॅनडा, आयर्लंड, ब्रिटन फिरून आले. अमेरिकेत तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती फ्रँकफर्टर यांनी ‘ड्यू प्रोसेस’ (कायद्याची रीत न्याय्यच हवी) या शब्दांबाबत सावध केलं, आणि जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या आपल्या २१ व्या अनुच्छेदात ते आले नाहीत. पुढे खटल्याविना स्थानबद्धतेची झळ कुणाला लागली? १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती फट बरीचशी बुजवली. हेच राव ब्रह्मदेशाच्या १९४७ च्या घटनेलाही मदत करून आले होते. कुठं गाजावाजा नाही, कागदपत्रं आणि सल्ला, बस्स. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या थिबा राजाला इंग्रजांनी जिथं तीस वर्षं ठेवलं त्या रत्नागिरीत याची कुणाला आठवणही नाही! ब्रह्मदेशाची ती घटना टिकली नाही. २००८ ची घटना तिथल्या लष्करानं नर्गिस वादळानंतर आठवडाभरात सार्वमताला टाकली. संसदेच्या पाव जागा लष्कराला, आणि दुरुस्तीला पाऊणहून जास्त मतं लागणार. म्हणजे किल्ली कायम लष्कराच्या खिशात. अशा घटनेपुढे बाहेरचा कितीही मोठा पंडित काय करणार?

आता पुन्हा नेपाळ. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुण रस्त्यावर आले, सिंहदरबार हे सरकारचं सचिवालय जळलं, संसद जळली, सर्वोच्च न्यायालयालाही आग लागली. माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की हंगामी पंतप्रधान झाल्या, निवडणूक ठरली ५ मार्च २०२६ ला. दुरुस्तीची यादी लांब आहे. थेट निवडून आलेला प्रमुख हवा का, हा त्यातला गाजणारा प्रश्न. मला जास्त टोचतं ते नागरिकत्वाचं कलम. परदेशी माणसाशी लग्न केलेल्या नेपाळी बाईच्या मुलांना ‘अंगीकृत’ नागरिकत्व, म्हणजे वंशानं नव्हे, अर्ज करून मिळणारं, आणि अंगीकृताला राष्ट्रपती-पंतप्रधान होता येत नाही. सीमेच्या दोन्ही बाजूंना सोयरीक असलेल्या मधेशात याचा अर्थ काय होतो, ते कुणीही समजेल.

माझं म्हणणं साधं आहे. आपल्या सरकारला मदत करायचीच असेल तर आधी इथल्या नेपाळ्यांचं म्हणणं नेपाळपर्यंत पोचवायला करावी. परदेशातल्या नेपाळ्यांच्या मतदानाची सोय करा, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्येच सांगितलं. २०२२ च्या निवडणुकीत ती नव्हती. आखातात जाणाऱ्याला श्रम परवाना लागतो, त्यामुळे त्याची निदान नोंद होते. भारतात यायला परवाना लागत नाही, म्हणून आमचे गडी कुठल्याच वहीत नाहीत. नेपाळनं मागितलं तर ग्रामपंचायतीची सभागृहं, जेटीवरची मच्छीमार सोसायट्यांची कार्यालयं आपण महिन्यातून एक दिवस देऊ शकतो. दुरुस्तीचा मसुदा नेपाळीत वाचून दाखवायचा, म्हणणं लिहून घ्यायचं, दिल्लीतल्या त्यांच्या दूतावासाकडे पाठवायचं. सल्लागारांच्या विमानभाड्यापेक्षा स्वस्त पडेल.

आणि एक कबुली. ५ मार्च म्हणजे आमच्याकडे पहिली तोड. वाशीला भाव मिळतो तो तेव्हाच, आणि झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, कुणाच्याही हातात देऊन चालत नाही. कैलालीला जाऊन-येऊन आठवडा मोडतो. थोरल्यानं दिवाळीतच विचारलं होतं, “सर, मत द्यायला जाऊ का?” मी ‘बघू’ म्हटलं. मालक ‘बघू’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ काय असतो हे वीस वर्षांत त्याला कळलेलं आहे. हे पत्र लिहायला घेतल्यावर मला ते खाली मानेनं आठवलं. चौघांपैकी दोघांना सोडायचं काल कबूल केलं. कोणते दोघे, ते तुमचं तुम्ही ठरवा म्हटलं. रात्री उशिरापर्यंत मांगरात दिवा होता. सकाळी विचारलं तर म्हणाले, अजून ठरलं नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व आंबा बागायतदार,
पावस, ता. जि. रत्नागिरी