बायबॅकने भाव सावरतो, हे गृहीत धरू नका: अर्थमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय अर्थ व कंपनी व्यवहार मंत्री,

महोदया,

बायबॅक, म्हणजे कंपनीने स्वतःचेच शेअर परत विकत घेणे, जाहीर झाला की भावाला आधार मिळाला, असे बाजारात लगेच बोलले जाते. मिळतोही, पण तो कधीपर्यंत टिकेल, हे खरेदीचा मार्ग ठरवतो. बाजार नियामक सेबीने शेअर बाजारातून थेट खरेदीची मर्यादा टप्प्याटप्प्याने उतरवली आणि १ एप्रिल २०२५ पासून तो मार्ग बंद केला. समान वागणुकीच्या दृष्टीने हे योग्यच झाले, कारण त्या मार्गात कोणाचे शेअर कंपनीकडे जातील हा निव्वळ योगायोग असे. मात्र भार टेंडर ऑफरवर, म्हणजे ठरलेल्या भावाने भागधारकांकडून थेट शेअर मागवण्याच्या मार्गावर आला, आणि ती भाव स्थिर ठेवण्यासाठी बनलेलीच नाही.

हिशेब पाहा. बाजारभाव ८८० रुपये, ऑफर १,००० रुपयांची. एकाने १०० शेअर ८८,००० रुपयांना घेतले. स्वीकृतीचे प्रमाण, म्हणजे देऊ केलेल्या शेअरपैकी कंपनीने घेतलेला वाटा, २० टक्के निघाले, तर २० शेअरचे २०,००० रुपये हाती येतात आणि ८० शेअर डिमॅटमध्ये मोकळे होतात. ते ८५० रुपयांना विकले, तर ६८,००० रुपये येऊन मुद्दल जेमतेम सुटते. कर आणि दलाली यात धरलेलीच नाही. केवळ ऑफरसाठी आत आलेली मंडळी साधारण एकाच वेळी विकायला निघतात, आणि तेव्हा कंपनी खरेदीदार म्हणून उभी नसते. दोन लाख रुपयांपर्यंतचे शेअर असलेल्या छोट्या भागधारकांसाठी १५ टक्के वाटा राखीव असतो, त्यामुळे त्यांची स्वीकृती बहुधा जास्त निघते. पण उरलेल्या शेअरवर तीच घसरण त्यांनाही सोसावी लागते.

याहून दुर्लक्षित बाब फ्री फ्लोटची, म्हणजे प्रवर्तकांकडे नसलेल्या, बाजारात खुल्या फिरणाऱ्या शेअरची. समजा, १०० शेअरपैकी ७४ प्रवर्तकांकडे आहेत. प्रवर्तक बाहेर राहिले आणि लोकांकडचे ३ शेअर रद्द झाले, तर प्रवर्तकांचा हिस्सा ७६.३ टक्के होतो, म्हणजे किमान २५ टक्के सार्वजनिक हिश्श्याचा नियम मोडतो. शिवाय बाजारात फिरणारे शेअर २६ वरून २३ वर येतात. भांडवल घटले ३ टक्के, फ्लोट घटला साडेअकरा टक्के. एवढ्या पातळ फ्लोटमध्ये मध्यम आकाराची एक विक्रीही भाव हलवते. प्रतिशेअर मिळकत वाढल्याची जाहिरात होते, याची होत नाही.

थेट खरेदी पुन्हा खुली करायची असेल, तर जुन्या अटी तशाच आणू नयेत. आधीच्या दहा दिवसांच्या सरासरी उलाढालीच्या २५ टक्क्यांची मर्यादा, पहिल्या व शेवटच्या अर्ध्या तासात खरेदीला बंदी, या चांगल्या होत्या. शेवटच्या व्यवहाराच्या भावापासून एक टक्का वर-खाली बोली लावण्याची मुभा मात्र घातक: वरचा टक्का वापरत गेले की कंपनीच भाव पायरीपायरीने चढवू शकते. अमेरिकेच्या १९८२ च्या १०बी-१८ नियमात भाव फुगवल्याच्या आरोपापासून संरक्षण हवे असेल, तर कंपनीला इतरांची सर्वोच्च बोली किंवा शेवटच्या स्वतंत्र व्यवहाराचा भाव, यांपैकी जो जास्त असेल त्याच्या वर जाता येत नाही. घसरत्या दिवशी विक्री झेलायची, भाव ओढायचा नाही, हे त्यातून साधते.

टेंडर ऑफरसाठी आमची मागणी छोटी आहे. प्रवर्तक सहभागी झाले तर आणि न झाले तर, अशा दोन्ही शक्यतांत बायबॅकनंतरचा फ्री फ्लोट किती राहील, याचा तक्ता पहिल्या जाहीर घोषणेतच सक्तीचा करावा. ऑफरचे पत्र हाती येते तेव्हा रेकॉर्ड डेट, म्हणजे ऑफरसाठी पात्र भागधारक ठरवणारी तारीख, उलटलेली असते आणि घ्यायचे त्याने शेअर घेतलेले असतात.