चव घेणं गुन्हा असेल, तर तसं लिहून द्या

मा. मंत्रीमहोदय,

सप्रेम नमस्कार.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. दीड एकर शिराज, म्हणजे वाइनचं द्राक्ष; बाकी थॉमसन, खायचं. आपला वेळ घेत नाही, झालं ते सांगतो. गेल्या रविवारी मुंबई-पुण्याहून आलेली एकोणीस माणसं आम्हाला शेडच्या दारातून परत पाठवावी लागली.

शेजारी एक छोटी वाइनरी आहे, रीतसर परवाना असलेली. आम्ही पाच जण आमची द्राक्षं तिथे देतो आणि प्रत्येकाचा माल वेगळ्या टाकीत ठेवून घेतो. काढणी आटोपली की एप्रिलमध्ये एका सकाळी पाचही टाक्यांमधली नवी वाइन चाखायची, हा आमचा गेल्या काही वर्षांचा शिरस्ता. यंदा पाहुणे बोलवावेत असं ठरलं. मागच्या हंगामात आपण आमच्या भागात आला होतात. छोट्या बागायतदाराने बांधावर पाहुणा बोलवावा, परवानगीची अडचण येऊ देणार नाही, असं आपण माईकवरून सांगितलं होतं. त्या भरवशावर 41 दिवस आधी अर्ज केला. सात खेपा मारल्या. दर खेपेला नवीन कागद. शेवटी परवानगी आली नाही, माणूस आला. दारू पाजायचा कार्यक्रम कुणी ठेवलाय, असं त्याने माझ्या 78 वर्षांच्या आईसमोर विचारलं. ती पाहुण्यांसाठी भाकऱ्या थापत होती. परात तशीच ठेवून ती आत निघून गेली.

मंत्रीमहोदय, त्या शेडमध्ये काय चालतं ते एकदा ऐकून घ्या. एप्रिलमधली शिराज पिण्याजोगी नसतेच. रंग पिकल्या जांभळासारखा, बोटाला लागला तर दोन दिवस जात नाही. गढूळ असते, आंबवलेल्या पिठाचा वास मारते. जीभ कच्चं केळं खाल्ल्यासारखी धरते. एकेक घोट तोंडात फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. पाच टाक्या संपल्या की तांब्याभर पाण्याने चूळ भरायची. नशा करायला कुणी तिथे येत नाही.

आम्ही येतो ते आपली चूक बघायला. माझा प्लॉट काळ्या जमिनीत, आमच्यातल्या एकाचा टेकडीवर मुरमात. वाण एकच, छाटणी एकाच आठवड्यातली. त्याच्या टाकीतली वाइन गडद, मिरीसारखी तिखट, माझी पातळ. पहिल्या वर्षी मला राग आला होता, मग कळलं. माल वजनावर विकला जातो म्हणून मी वेलीवर घड जास्त ठेवले होते आणि काढणीच्या तोंडावर पाणी सोडलं होतं. किलो वाढले, रस पांचट झाला. पुढच्या हंगामात वेलीवरचे एक तृतीयांश घड मणी रंगायच्या आत खाली टाकले, शेवटचं पाणी तोडलं, ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, 23 च्या वर जाईपर्यंत कात्री लावली नाही. बायको म्हणाली, पैसे मातीत टाकताय. एप्रिलमध्ये टाकीचा नळ उघडला आणि तिलाही फरक कळला. हे मला कुठल्या चर्चासत्रात कुणी शिकवलं नाही, त्या घोटाने शिकवलं. तो घोट ग्राहकाने आमच्यासमोर घेतला, आमच्या मालाला नाव मिळालं, तरच आम्ही किलोच्या भावातून सुटू. मागणं एवढंच होतं.

वाइनच्या द्राक्षाचं दुखणं तुम्हाला माहीत आहे का? बारीक मणी, आत बी. मार्केटला नेलं तर कुणी हात लावत नाही, बेदाणाही होत नाही. वाइनरीने पाठ फिरवली की माल गेला. 2001 साली सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क काढले. ते ऐकून आमच्या नानांनी 2005 ला शिराज लावली. मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि 2009 ला करार करणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं. चार टन माल वेलीवर सुकला. नानांनी कुणालाही हात लावू न देता चार वर्षांच्या वेली स्वतः कुऱ्हाडीने तोडल्या. सोसायटीचं कर्ज मी पुढे सात वर्षं फेडलं. तरी 2016 ला मी परत शिराजच लावली, कारण या मातीत ती चांगली येते हे मी पाहिलं होतं.

आणि तुमचे निर्णय बघा. जानेवारी 2022 मध्ये मंत्रिमंडळाने ठरवलं, हजार चौरस फुटांहून मोठ्या दुकानात वाइन मिळेल, शेतकऱ्याचं भलं होईल. गदारोळ झाला, निर्णय बासनात गेला. व्हॅटच्या 20 टक्क्यांतले 16 टक्के वाइनरीला परत देण्याची योजना आहे. त्यातला एक पैसा तरी माझ्या किलोच्या भावात आला का? मला तो दिसला नाही. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात रातोरात बंद झाली. ते केंद्राचं आणि हे राज्याचं, हे मला कळतं; पण मार माझ्याच पाठीवर बसतो. शेतकऱ्याविरुद्धचा निर्णय एका रात्रीत अमलात येतो. त्याच्या बाजूचा निर्णय मात्र हरकती-सूचनांत मुरतो. भाषणात आम्ही शेतकरी, अर्ज केला की दारूवाले!

1949 चा दारूबंदी कायदा हातभट्टी आणि माझी टाकी एकाच नजरेने बघतो. ऑस्ट्रियात दुसरा जोसेफ या बादशहाने 1784 मध्ये फर्मान काढून द्राक्ष पिकवणाऱ्याला स्वतःची वाइन घरी विकायची मुभा दिली. तिथला बागायतदार आजही दारावर हिरवी डहाळी टांगतो, की लोक समजतात नवी वाइन आली. आपल्याकडे तेव्हा सवाई माधवरावांची पेशवाई होती. मी विकायलाही मागत नाही, चाखवायला मागतोय.

फेब्रुवारी ते एप्रिल या काळात परवानाधारक वाइनरीत बागायतदाराला पाहुण्यांसह चव घेता यावी, त्यासाठी एक साधा अर्ज असावा आणि त्याचं हो किंवा नाही आठ दिवसांत लेखी मिळावं. नाही म्हणायचं असेल तर कारण लिहा. ते मी आईला वाचून दाखवीन.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आम्ही पाचच जण टाक्यांपाशी असू. तुम्ही या, नाही तर ज्याने निर्णय घ्यायचा त्याला पाठवा. आधी टेकडीवरची टाकी उघडू, मग माझी.

आपला,
दिंडोरी तालुक्यातला एक द्राक्ष बागायतदार